शनिवारच्या वर्गाचे तीन पत्ते

जवळ ये बघू. अजून जवळ. लिहिताना कान धरता येत नाही, नाहीतर धरलाच असता तुझा. राहतेस हेब्बाळला, तिथून आमचं येलहंका एका फ्लायओव्हरच्या अंतरावर, आणि कित्येक महिन्यांत मावशीच्या दारात पाऊल नाही. वर फोन करून विचारतेस काय, तर ‘मावशी, वेबसाइट चालतेय ना नीट?’ वेबसाइटची चौकशी होते, मावशीचे गुडघे चालतात की नाही ते कोणी विचारत नाही. असो. ती नीट कशी झाली ते तू अर्धंच ऐकलंस, कारण तुझी मीटिंग सुरू झाली. उरलेलं आता वाच, आणि हसायचं तेवढं हसून घे. माझ्या वाटणीचं माझं हसून झालं आहे.

तुला ठाऊक आहे, पण तुझ्या पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींसाठी सांगते. आपलं घराणं शेकडो वर्षांचं बेंगळुरूकर. आमच्या मराठीत ‘जरा’ला ‘स्वल्प’ आहे, ‘बरं’ला ‘सरी’ आहे, थोरला भाऊ अण्णाच आहे. तुझी आई लग्न होऊन पुण्याला गेली आणि पहिल्याच दिवाळीला येऊन माझं बोलणं सुधारायला लागली. माझी शाळा कन्नड, तीही बेताचीच. देवनागरी हिंदीच्या पुस्तकावरून उचलली, मराठी वाचायला शिकले आईच्या आरत्यांच्या पुस्तकावरून. अशी ही पंडिता दर शनिवारी मुलांना मराठी शिकवते! पण खरं सांगू? बिल्डिंगमध्ये मी आंटी, भाजीवाल्याची अम्मा, ऑटोवाल्याची अक्का. शनिवारी संध्याकाळी तेवढी मी ‘बाई’. ‘बाई, ह्याने माझा खडू घेतला’ असं कोणी ओरडलं की मला वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटतं.

वर्ग सुरू झाला पीण्याच्या घरात, शहराच्या पार त्या टोकाला, कारखान्यांच्या वस्तीत. ह्यांचं लेथचं काम तिथेच मागच्या गल्लीत होतं. ह्यांनी काम बंद केलं, घर विकलं, आम्ही येलहंकाला फ्लॅटमध्ये आलो. वर्गासाठी असोसिएशनने तळमजल्यावरची खोली दिली, पण सेक्रेटरींनी बजावलं, ‘पाडव्यापर्यंत मुलं वाढली तर तुमची, नाहीतर झुंबावाल्या मॅडम मागे लागल्यात.’ तेव्हा मुलं तीन. त्यातली दोन सख्खी भावंडं, आणि ती चकल्यांसाठी येत होती.

म्हणून मी कंबर कसली. पीण्यात असताना व्हिडिओ बघून बघून मी वर्गाची एक वेबसाइट केली होती, फुकटातली. तिच्या पत्त्यातच ‘पीण्या’ हे नाव. इथे आल्यावर रीतसर नवी केली. मग आमच्या बिल्डिंगच्या वेबसाइटवरही एक पान मिळवलं. आणि तिन्हीकडे एकच मजकूर चिकटवला, शब्दाला शब्द. जुनीवरचा घरचा पत्ता बदलायचा राहिलाच, पण ते सोड. माझं शास्त्र असं, की हळदीकुंकवाला आपण दारोदार जातो तेव्हा प्रत्येक उंबऱ्यात तेच म्हणतो ना? ‘उद्या संध्याकाळी हळदीकुंकवाला या हं, मुलींनाही आणा.’ कोणती बाई असं म्हणते का, की हे तर तुम्ही शेजारी बोललात, आता मला वेगळं काही सांगा?

तो नेटवरचा सर्चवाला म्हणतो. तेच तेच तीनदा दिसलं की तो त्यातलं एक ठेवतो आणि बाकीची मागे ढकलतो. ठेवलं त्याने कुठलं, तर सगळ्यांत जुनं. कारण इतक्या वर्षांत ज्या कोणी आमच्या वर्गाची लिंक कुठे कुठे टाकली होती, ती सगळी त्या जुन्या पत्त्याची.

मला हे कळलं सर्चवाल्याकडून नाही, पीण्याच्या अक्काकडून. आमचं घर जिने घेतलं ती; आम्ही एकमेकींना अक्काच म्हणतो. एका शनिवारी तिचा फोन.

‘अक्का, मत्ते बंदरु.’

‘पुन्हा कोण आलं?’

‘नवरा, बायको, एक पोरगी. मराठी वर्ग कुठे म्हणून विचारतायत. सोफ्यावर बसवलंय. लिंबू सरबत दिलंय. आता तुमच्याकडे पाठवू?’

पाठव म्हटलं. पीण्याहून येलहंका, तेही शनिवारी संध्याकाळी! ती माणसं वाटेतूनच घरी वळली असणार, आमच्यापर्यंत पोचली नाहीत. त्यांच्या आधीची पोचली नव्हती, नंतरचीही नाही. अक्काचं सरबत मात्र लोकांना आवडत होतं.

तेव्हाच मी तुला फोन केला होता, आठवतं?

‘मावशी, तिन्ही ठिकाणी तेच लिहिलंयस?’

‘मग काय, एकीकडे खरं आणि दोन ठिकाणी खोटं लिहू?’

‘अगं, त्याला कळायला नको का, मूळ कुठलं ते? जुन्या साइटवरून नवीवर रिडायरेक्ट टाक. जुनं दार उघडलं की माणूस आपोआप नव्या घरात. बिल्डिंगच्या पानावरचं सगळं काढ, तिथे दोन ओळी आणि लिंक पुरे.’

‘म्हणजे अक्का करते तेच.’

‘हो, फक्त सरबताशिवाय.’

मी बसले. बिल्डिंगच्या पानावरचं काढलं. आवडलेलं लिखाण होतं गं, पण काढलं. मग रिडायरेक्ट. जुना पत्ता घातला, नवा घातला. खाली दोन पर्याय: तात्पुरतं आणि कायमचं.

आणि माझा हात अडला. आपल्यात बाहेर पडताना ‘जाते’ म्हणतात का कोणी? कोपऱ्यावरून दूध आणायला निघाले तरी हे ‘येतो’ म्हणतात. तुझी आई सासरी निघाली तेव्हा रडत रडत ‘येते’च म्हणाली. आणि मी त्या घराबद्दल, जिथल्या भिंतीवर माझ्या मुलांची उंची पेन्सिलने लिहिली आहे, एका चौकोनात बोटाने टिचकी मारून सांगू, की आम्ही कायमचे गेलो? तेही भर तिन्हीसांजेला? मी ‘तात्पुरतं’ निवडलं. मग जुन्या पत्त्यावर जाऊन पाहिलं, तर सरळ नव्या घरात! मी तुला ऐटीत कळवलं, ‘झालं.’ कुठलं निवडलं ते तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

पुढच्या दोन-चार शनिवारी अक्काकडे कोणी गेलं नाही. तिचाच फोन आला, ‘ईग यारू बरल्ला अक्का. स्वल्प बेजार आगिदे.’ आता कोणी येत नाही, जरा करमत नाही म्हणे. मी म्हटलं, बघा, जमलं की नाही! अक्काकडे कोणी जात नव्हतं हे खरं, पण माझ्याकडेही कोणी येत नव्हतं. ते माझ्या मोठ्या डोक्यात शिरलं नाही. मी आपली पाटी पुसून बसायची, भावंडं आपली चकली खायची.

पाडवा जवळ आला. एकदा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची नागपूरची मुलगी भेटली. तिचा लेक कडेला टॅबलेट घेऊन. मी म्हटलं, ‘काय शिकतोय?’

‘मराठी, काकू. पुण्याच्या एका बाईंचा ऑनलाइन क्लास लावलाय. काय करता? इकडे जवळपास एकही वर्ग नाही. नेटवर एकच दिसते, अन् तो पीण्याला आहे बा. कोण जाते तिकडे?’

तिने फोन काढून दाखवला. वर्गाचं नाव माझं, मजकूर माझा, आणि वर पत्त्याच्या ओळीत ठळक ‘पीण्या’. आमच्या पायाखाली चार मजले खाली तो वर्ग, शिकवणारी बाई तिच्या खांद्याला खांदा लावून उभी, हातात कोथिंबीर. तळमजला आला, दार उघडलं, पुन्हा बंद झालं आणि लिफ्ट आम्हाला घेऊन परत वर गेली, तेव्हा कुठे मी म्हटलं, ‘अगं, ती पीण्याची बाई मीच. वर्ग इथेच खाली आहे.’

तुला तेव्हा फोन केला आणि तू ओरडलीस, ‘तात्पुरतं? मावशी! तात्पुरतं म्हटलंस की त्याला वाटतं तू परत जाणार आहेस. तो बिचारा जुनाच पत्ता दाखवत बसलाय!’

बिचारा. माझ्यापेक्षा त्या यंत्राची तुला दया! पण मला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या ‘येते’वर इतका विश्वास कोणीच ठेवला नव्हता.

हे पेपरमागून म्हणाले, ‘घराच्या कागदांवर सही करताना तुझा हात अडला नाही. आता काय झालं?’

‘तिथे सही करायची होती. इथे कायमचं म्हणायचंय.’

‘मग तू येते म्हण आणि ते दाब. येते माणसांना म्हणायचं असतं, त्याला कुठे कळतंय?’

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यातला हा एक सल्ला मी निमूट ऐकला. सकाळ होती, देवाजवळ दिवा लागलेला होता. मी मोठ्याने ‘येते’ म्हटलं आणि ‘कायमचं’ दाबलं. मग आत जाऊन उगाचच भांडी आवरली.

सर्चवाल्याला पटायला वेळ लागला. पण नागपूरची थांबली नाही. तिने पुढच्याच शनिवारी लेकाला खाली आणलं आणि बिल्डिंगमधल्या मैत्रिणींना फोन केले. पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात पत्त्याच्या ओळीतला पीण्या गेला आणि हेब्बाळहून एक अनोळखी आई रिक्षातून उतरली. ‘जवळच दिसलं म्हणून आलो,’ म्हणाली. त्या शनिवारी सेक्रेटरी डोकावले. आत खडूवरून भांडण जुंपलं होतं आणि नागपूरचा पोरगा आमच्या भावंडांना ‘तुम्ही मराठी चुकीचं बोलता’ म्हणून शिकवत होता. सेक्रेटरींनी कानांत बोटं घातली, ‘सरी, सरी’ म्हणाले आणि दार ओढून गेले. झुंबा गच्चीवर गेला.

आता तू. हेब्बाळची ती अनोळखी बाई येऊ शकते आणि सख्खी भाची येऊ शकत नाही? आणि तुझ्या फोनमध्ये मावशीचं घर अजून पीण्यालाच असेल तर तेही मला आता खरं वाटेल. चुकून गेलीसच तिकडे, तर अक्काकडे सरबत पी, तिला बरं वाटेल, आणि मग इकडे ये. शनिवारी ये. चकल्या डब्यात आहेत, पण ती भावंडं तुझ्याआधी पोचतात, म्हणून लवकर ये.