मास्तरांचं कानाचं यंत्र

मास्तरांना ऐकू येत नाही, ही गोष्ट मास्तरांनी गल्लीला कैक वर्षं कळू दिली नव्हती. शिंप्याला ते जमून जातं. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहतं, मास्तर टेप घेऊन त्याच्याभोवती फिरतात, तोंडात टाचण्या धरलेल्या असतात, म्हणजे बोलायचा प्रश्नच मिटला. गिऱ्हाइकाने काही सांगितलं की मास्तर त्याच्या ओठांकडे बघत आणि मान डोलवून म्हणत, "हो हो, होऊन जाईल." निम्मं ओठांवरून कळे, निम्मं सवयीने. माणूस शिंप्याला सांगून सांगून सांगणार काय? इथे सैल, तिथे घट्ट, आणि लवकर द्या.

मग कोटाचं प्रकरण झालं. एक बाई तिच्या वडिलांचा कोट घेऊन आली. वडील नुकतेच गेले होते. अस्तर फाटलं होतं, तेवढं बदलून हवं होतं. निघताना ती पर्समध्ये छत्री चाचपत होती आणि खाली बघूनच म्हणाली, "बाह्यांना हात लावू नका हं. जशा आहेत तशाच हव्यात." मास्तरांना 'बाह्या' तेवढं कळलं. बाह्या लांब होत्याच, म्हणून त्यांनी त्या चार बोटं कापल्या आणि वर सुबक काजंही करून दिली.

बाई कोट न्यायला आली आणि तो हातात धरून दुकानात उभी राहिली. बराच वेळ ती बोलत होती. मास्तर सवयीने म्हणाले, "हो हो."

त्या 'हो हो'ने घात केला. बाईने कोट त्यांच्या तोंडावर फेकला आणि रडत रस्त्यावर गेली. दुसऱ्या दिवशी आख्ख्या गल्लीला कळलं की मास्तर ठार बहिरे आहेत.

"कापड दुसरं आणता येतं," बायको त्यांच्यासमोर उभी राहून सावकाश, ओठ ताणून म्हणाली. "बाप कुठून आणायचा तिने? अहो, आता तरी कानाचं बघा!"

कानाच्या डॉक्टरने सांगितलेलं यंत्र मास्तरांच्या ऐपतीबाहेरचं होतं. पण बायकोचा भाऊ फोनमधला पंडित. त्याने एका दुकानाची जाहिरात काढून दाखवली. पांढऱ्या केसांचा एक म्हातारा कानाला हात लावून हसत होता, शेजारी नात त्याच्या कानात काहीतरी सांगत होती. निम्म्याहून कमी किंमत. खाली लोकांनी लिहिलेलं होतं : आयुष्य बदललं, आईला पुन्हा पाखरं ऐकू आली. मास्तरांनी सगळं वाचलं. जाहिरात वाचायला कान लागत नाहीत. त्यांनी दुकानातलं कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन विकलं आणि मेहुण्याने ऑर्डर टाकून दिली.

खोका आला. आत पांढऱ्या कापसात शेंगदाण्याएवढी वस्तू होती. मास्तरांनी ती कानात घातली तशी कुणीतरी डोक्यात शिट्टी फुंकल्यासारखं झालं. बायको बोलली की शिट्टी, दार लागलं की शिट्टी. शिलाई मशीन चालू केलं तर पत्र्यावर खडी ओतावी तसा आवाज. त्यात माणसाचा शब्द एकही नाही. संध्याकाळपर्यंत कान लाल झाला आणि यंत्र गरम.

"परत करू," बायको म्हणाली. "त्यांनी लिहिलंय ना, आवडलं नाही तर परत घेतो म्हणून."

परत करायचं तर फोनच करावा लागत होता. मेल पाठवला की उलट एकच उत्तर येई : आपला आनंद हेच आमचं ध्येय. बायकोने फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक गोड आवाजाची मुलगी आली.

"मॅडम, ऑर्डर तुमच्या नावावर आहे का?"

"नाही, आमच्या ह्यांच्या."

"मग सुरक्षेच्या कारणासाठी आम्हाला त्यांच्याशीच बोलावं लागेल."

"अगं बाई, त्यांना ऐकू येत नाही! ऐकू आलं असतं तर यंत्र कशाला घेतलं असतं?"

"मी समजू शकते, मॅडम. त्यांना फोन द्या."

बायकोने तीनदा समजावलं, मुलीने तीनदा समजून घेतलं. शेवटी बायकोने हात टेकले आणि फोन मास्तरांकडे दिला. "तुम्हीच आहात एवढंच सांगा," ती खुणेने म्हणाली. मास्तरांनी फोन कानाला लावला. आत काहीतरी किणकिणत होतं. किणकिण थांबली की आपली पाळी, एवढं त्यांना कळत होतं. ती थांबली की ते म्हणत, "हो." पुन्हा किणकिण, पुन्हा "हो." समोरून कुणी ओरडत नव्हतं, तेव्हा बोलणं नीट चाललं असावं. "हो हो, होऊन जाईल," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि बायकोकडे बघून हसले.

पुढच्या आठवड्यात दुसरा खोका आला. दुसऱ्या कानाचं यंत्र. बँकेतून पैसे आपोआप गेले होते आणि दोन वर्षं दरमहा जाणार होते, देखभालीचे म्हणून.

"मॅडम, साहेबांनी स्वतः होकार दिलाय," बायकोने पुन्हा फोन लावला तेव्हा आता एक पुरुष बोलत होता. "रेकॉर्डिंग आहे. ऐकवू का?"

त्याने खरंच ऐकवलं. यंत्र परत करण्याचा हक्क सोडता का? हो. दुसरं यंत्र पाठवू का? हो. बायको फोन धरून ऐकत राहिली. नवऱ्याचा तो आज्ञाधारक आवाज ऐकता ऐकता तिला त्या लोकांचा नाही, नवऱ्याचा राग आला. ती मास्तरांकडे वळून जे बोलली ते तिने सावकाश, ओठ ताणून बोलायची तसदी घेतली नाही. तरी मास्तरांना कळलं.

दुसऱ्या दिवशी ते खोक्यावरचा पत्ता घेऊन निघाले. दोन बस बदलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. त्या पत्त्यावर दातांचा दवाखाना होता. काउंटरवरच्या बाईने त्यांच्या हातातला खोका पाहिला आणि तोंड उघडायच्या आतच डोक्याला हात लावला. तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे मोठ्या अक्षरांत चिकटवलं होतं : कानाच्या यंत्राची कंपनी इथे नाही. कधीच नव्हती. कृपया आम्हाला त्रास देऊ नका.

मास्तरांनी ते वाचलं आणि तरीही विचारलं, "मग कुठे आहे?"

बाई काहीतरी म्हणाली. मास्तर म्हणाले, "काय?" ती मोठ्याने म्हणाली. मास्तर पुन्हा म्हणाले, "काय?" बाकावर गाल सुजवून बसलेली माणसं हसायला लागली. एकाला हसताना दात दुखला म्हणून त्याने गाल धरला, आणि ते बघून बाकीचे आणखी हसले. मास्तर बाहेर आले.

दुकान पुढे फार चाललं नाही. कोटवाल्या बाईने गिऱ्हाइकं तोडली होती, आणि ओव्हरलॉक नाही म्हणून उरलेली कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेली. मास्तरांनी शटर ओढलं आणि तयार कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागले. एका लांबलचक शेडमध्ये शंभरेक मशीनं एकदम धडधडत. मास्तरांनी दिवसभर फक्त शर्टाचा खिसा जोडायचा. ज्या हातांनी माणसाचा वाकडा खांदा कोटात सरळ करून दाखवला होता, ते हात आता डावा खिसा, डावा खिसा करत. तिथे कुणालाच काही ऐकू येत नसे. मुकादम खांद्यावर टकटक करी आणि बोट दाखवी. मास्तरांचं बहिरेपण तिथे कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि त्यांना ते बरं वाटलं.

शेजारच्या मशीनवर कॉलर लावणारी एक बाई होती. गरीब गाय. जेवणाच्या सुट्टीत ती आपल्या डब्यातलं मास्तरांना देई. एकदा तिने खुणेने आणि तोंडाने सांगितलं की तिची आई अंथरुणाला खिळलीय, आता ऐकूही येईनासं झालंय, हाक मारली तरी कळत नाही. फोन काढून तिने मास्तरांना जाहिरात दाखवली. तोच पांढऱ्या केसांचा म्हातारा, तीच नात.

"हे कसं असेल हो, काका?"

मास्तरांनी जाहिरातीकडे पाहिलं. घरी दुसरा खोका न फोडलेला पडून होता. दर महिन्याला बँकेतून पैसे गेले की बायको तो खोका उचलून टेबलावर आदळत असे.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "माझ्याकडे एक कोरं आहे. त्याहून स्वस्तात देतो."

बाईचे डोळे भरून आले. तिने पगारातून थोडे थोडे करून पैसे दिले आणि शेवटच्या हप्त्याला कागदात गुंडाळून गोड खाऊ आणला. मास्तरांनी तो मशीनजवळ बसूनच खाल्ला.

यंत्र घरी नेल्यावर चार दिवसांनी ती सकाळीच आली आणि खोका मास्तरांच्या मशीनवर ठेवला. शेडमधली मशीनं अजून सुरू झाली नव्हती. ती त्यांच्या अगदी समोर उभी राहिली आणि बोलू लागली. शिट्टीने आई दचकते, म्हणाली. भिऊन रडते. आता मी जवळ गेले तरी कानांवर हात घेते. काका, तुम्हाला ठाऊक होतं ना? तिचे ओठ स्वच्छ हलत होते. मास्तरांना शब्द न् शब्द कळला.

त्यांनी टाचणी दातात धरली, आपल्या कानाकडे बोट दाखवलं आणि नकारार्थी मान हलवली.

बाई आपल्या मशीनकडे वळली. मग मुकादमाने स्विच दाबला, शंभर मशीनं एकदम सुरू झाली, आणि मास्तरांनी खोका बाजूला सारून पहिला खिसा सुईखाली घेतला.