बाकीची अकरा

हिरव्या फलालीनचं कापड लावलेल्या पाटीवर निळा समुद्र पसरलेला होता, आणि आमच्या बालवाडीच्या रूथबाईंनी तो दोन्ही हातांनी मधोमध दुभंगला. त्या कागदी समुद्राचे दोन तुकडे आधीच कापून ठेवलेले होते, त्यांच्या पाठीला पॉलिश पेपर चिकटवलेला होता, म्हणून ते पाटीला धरून राहत... ही सगळी कारागिरी मला पुष्कळ वर्षांनी कळली. त्या क्षणी मात्र तोंडात घातलेला शेंगदाण्याचा लाडू चावायचं मी विसरले. पाणी पाटाला आलं तर येतं, नाही तर आईच्या डोक्यावरच्या हंड्यातून येतं, एवढंच मला ठाऊक होतं. ते बाजूला सरून माणसांना वाट देतं, हे पाहून मी जी हादरले, ती घरी पोहोचेपर्यंत कुणाशी बोलले नाही.

पाच वर्षांची होते मी तेव्हा. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. इंदापूरच्या कडेला, चर्चच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली दोन खोल्यांची ती बालवाडी होती. वडील उसाच्या ट्रॅक्टरवर, आई लोकांच्या रानात खुरपायला. अंगणवाडी आमच्या वस्तीपासून लांब आणि ही वडिलांच्या वाटेवर. एवढ्या सोयीवर मी, एका धनगराची नात, तिथे जाऊन बसले. घरात यावर काही चर्चा झाली असेल तर ती मला आठवत नाही. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, बाई मारकुट्या तर नाहीत ना, एवढीच चौकशी केली होती म्हणे.

रूथबाई मारकुट्या नव्हत्या. त्या नगरकडच्या, उंच, किंचित वाकलेल्या. पांढऱ्या सुती साडीला आणि बोटांना कायम खळीचा आंबूस वास येई, कारण चित्रं कापायची आणि चिकटवायची त्यांना हौस फार. त्यांनी आठवड्याला एक चाल लावून दिली होती. सोमवारी माती... ओढ्याकाठची काळी चिकण माती, आम्ही तिचे बैल करायचो आणि त्या बैलांचे पाय वाळता वाळता हमखास तुटायचे. मंगळवारी चिंचोके आणि सीताफळाच्या बिया मोजायच्या, बुधवारी कापलेली भेंडी रंगात बुडवून कागदावर ठसे. डब्यांत लावलेल्या मेथीला पाणी घालायचा वार कोणता, गुरुवार की सोमवारच, हे आता नक्की सांगता येत नाही. पण शुक्रवार मात्र विसरणं शक्य नाही. शुक्रवारी पाटी निघायची, आणि मी दर शुक्रवारी हादरायची. माशाने माणूस गिळला आणि पुन्हा ओकला. सगळं जग बुडालं आणि एका नावेत जनावरं राहिली. बाकीची मुलं ऐकून हसत, डुलत. मी धास्तावून बसायची. बाई सांगतात ते खरंच आहे, यात मला तिळभर शंका नव्हती.

एका शुक्रवारी पाटीवर मेंढरं आली.

पहिला धक्का म्हणजे ती पांढरी होती. गुबगुबीत, गोल, धुतल्यासारखी पांढरी! आमची मेंढरं काळी, लांब पायांची, काटक. त्यांच्या अंगाला लेंड्यांचा, धुळीचा आणि उन्हाचा मिळून एक उबदार वास येई, तोच आबांच्या घोंगडीला येई, आणि त्या वासाशिवाय मला झोप यायची नाही. तरीही ती मेंढरं होती, आणि बाई आमच्या घरच्या धंद्याची गोष्ट सांगत होत्या. अख्खा वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला. एका मेंढपाळाची शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवलं. मग त्याने नव्व्याण्णव तिथेच रानात सोडली आणि त्या एकाच्या मागे निघाला, ते सापडेपर्यंत परतला नाही, आणि सापडल्यावर त्याला खांद्यावर घेऊन आनंदाने आला. माझा ऊर भरून आला होता. देवालासुद्धा आमचं काम ठाऊक होतं.

मग बाईंनी गोष्ट करून घेतली. मेंढपाळ अर्थातच मी. मला एक काठी मिळाली. एक मुलगा बाहेर पाण्याच्या टाकीमागे लपला आणि बाकीचा वर्ग मेंढरं होऊन सतरंजीवर बसला. मी दारातून जाताना बाईंनी त्यांना सांगितलं, हाताची घडी, तोंडावर बोट. मी टाकीमागून त्या मुलाला शर्टाला धरून ओढत आणलं, तेव्हा ती सगळी मेंढरं तशीच बसलेली होती, जागची हलली नव्हती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरचा रविवार. होळी होऊन गेलेली, उन्हाला चटका आलेला. आबांचा एके काळचा मोठा कळप आटत आटत बारा मेंढरांवर आला होता. पाटाचं पाणी आलं, पडीक फारसं राहिलं नाही, माणसं शेतीला लागली, पण ही बारा आबांनी सोडली नव्हती. मेंढरं पडकात चरत होती आणि मी आबांबरोबर होते. पलीकडच्या बांधावरच्या बाभळीचा पाला पाडायला म्हणून ते निघाले आणि मला म्हणाले, हितंच बस, मेंढरांकडं बघ, आलोच मी. बांध दूर नव्हता. पाला पाडणाऱ्या काठीचा आवाज येत होता.

आबा गेले आणि थोड्या वेळाने मला दिसलं की भुरी नाही. भुरी म्हणजे त्या वर्षीचं कोकरू, तपकिरी झाक असलेलं, भारी वांड. मी मोजून पाहिलं... चिंचोके मोजून मोजून मोजणं पक्कं झालं होतं. अकरा. पुन्हा मोजलं, अकराच. मला भीती वाटली नाही, हे मला अजून लख्ख आठवतं. उलट, आपली वेळ आली असं वाटलं. मी आबांना हाक मारली नाही, कारण गोष्टीतला मेंढपाळ कुणालाच हाक मारत नाही. तो एकटा जातो. मी त्या अकरा मेंढरांसमोर उभी राहिले, त्यांना हाताची घडी, तोंडावर बोट असं सांगितलं, आणि निघाले.

पडकाला लागून जोंधळ्याचं रान होतं. जोंधळा काढून नेलेला, पण मध्ये कधी तरी पाट फुटून पाणी शिरलं होतं आणि बुडख्यांना हिरवेगार कोवळे फुटवे आले होते. ते फुटवे मेंढरांना बाधतात, घटकाभरात जीव घेतात. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. धनगराच्या घरात हे पोराला चालायच्या आधी कळतं. ठाऊक होतं... पण बसलेली मेंढरं उठतील, हे मात्र माझ्या मनातच आलं नाही.

भुरी पाटाच्या कडेला वेड्या बाभळीत अडकलेली सापडली. माझे हात ओरबाडले, परकर फाटला. ते धडपडणारं कोकरू मी चित्रातल्यासारखं मानेवर घेतलं आणि त्याचे पाय छातीशी धरून, घामाने आंधळी होत, अभिमानाने फुगून परत आले.

मेंढरं जोंधळ्याच्या रानात आडवी पडली होती. काही तोंडाला फेस येऊन पाय झाडत होती, काहींचे पाय थांबले होते, एक उठायला बघत होतं आणि पुन्हा पडत होतं. आबा एकेकाच्या तोंडात गुळाचं पाणी ओतत होते आणि ते बाहेरच येत होतं. ते मला रागावले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मानेवर कोकरू घेऊन तिथेच उभी राहिले, आणि माझ्या समोर आमचा कळप मेला... जे हरवलं होतं तेवढं एक वाचलं. ते हरवलं म्हणूनच वाचलं होतं.

त्या रात्री मला ताप भरला आणि दोन-तीन दिवस उतरला नाही. घरात कोण आलं, कोण काय बोललं, मला काही कळलं नाही. मी कुठे गेले होते ते मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

शुक्रवारी मी बालवाडीत गेले. रूथबाईंची पद्धत अशी की, नवी गोष्ट सांगायच्या आधी मागची विचारायची. त्यांनी पाटीवर पुन्हा तो मेंढपाळ लावला, त्याच्या खांद्यावर ते पांढरं कोकरू, आणि विचारलं की तो परत आल्यावर काय झालं. मुलं एका सुरात म्हणाली की त्याने शेजाऱ्यांना बोलावलं आणि आनंद केला. मी उभी राहिले.

"बाकीची मेली," मी म्हणाले.

कुणी तरी हसलं. मग बाईंचा चेहरा बघून ते हसू थांबलं. बाई पाटीपाशी तशाच उभ्या होत्या, हातात काहीतरी कापलेलं चित्र होतं, ते त्यांनी खाली ठेवलं नाही की वर लावलं नाही. मला जवळ बोलावून त्यांनी हळूहळू सगळं काढून घेतलं. त्या दिवशी नवी गोष्ट झाली नाही. मोठं माणूस घाबरतं, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

त्या त्याच दुपारी आमच्या वस्तीवर आल्या, उन्हातून चालत, माझा हात धरून. आई-वडील कामावर होते; आबा एकटेच दाराशी वाकळेवर बसलेले. बाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, की आबा, ही माझ्या गोष्टीमुळे गेली होती, चूक माझी आहे. आबांना हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. मला वाटलं, आता माझी बालवाडी सुटली; आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं, मार हवा होता, काही तरी व्हायला हवं होतं. मग आबांनी बाईंना गोष्ट पुन्हा सांगायला लावली, पहिल्यापासून, आणि मान खाली घालून ती पुरी ऐकली.

"त्या गड्यानं बाकीची कुणापाशी ठिवली व्हती, बाई?"

रूथबाई म्हणाल्या, तसं लिहिलेलं नाही, आबा. रानात सोडली, एवढंच आहे.

"मंग लिवणारा मेंढका नसंल," आबा म्हणाले. त्यात राग नव्हता. एका जाणकाराने दुसऱ्याच्या कामातली खोट दाखवावी तसं ते बोलले. मग त्यांनी मला जवळ ओढलं. "तू गेलीस ते बरं केलंस. पर हाक मारायची, बाय. मी हितंच व्हतो."

एवढंच. बाई निघाल्या तेव्हा आबा त्यांना म्हणाले की वस्तीत हे बोलू नका, लोक उगाच तुमच्यावर येतील, पोरं काढून घेतील. बाई रडत होत्या. सोमवारी मी पुन्हा मातीचे बैल करायला गेले, आणि बाईंनी मेंढरांची गोष्ट, निदान मी असेपर्यंत, पुन्हा पाटीवर लावली नाही.

आबांनी पुन्हा मेंढरं घेतली नाहीत. भुरी त्यांनी डाळजच्या पाहुण्यांना देऊन टाकली. पुढे ते फारसे वस्तीबाहेर जात नसत. पूर्वी चार माणसं मेंढरांचं काही विचारायला येत, तीही यायची थांबली. मला वाटायचं, मेंढरं गेली म्हणून माणसं गेली. पुढे मी शिकायला बारामतीला गेले, तिथेच नोकरीला लागले. सुटीत आले की आबांजवळ बसायची. त्या रविवारचा विषय ना त्यांनी कधी काढला, ना मी.

त्यांचा दहावा नरसिंहपूरला संगमावर केला. विधी उरकले, माणसं घाटाच्या पायऱ्यांवर सावली धरून बसली, आणि तशा वेळी निघतात तशा आठवणी निघाल्या. आबांचे चुलतभाऊ, तात्या, म्हणाले की आबासारखा मेंढका पंचक्रोशीत झाला नाही. नुसत्या वासावरून आजारी मेंढरू ओळखायचा.

"यकदाच डोळा लागला गड्याचा," तात्या म्हणाले. "भर दुपारचा निजला बाभळीखाली, अन् अकरा मेंढरं गेली. सोताच सांगायचा समद्यांना."

मी आईकडे पाहिलं. आई मान हलवत होती. तिलाही तेच माहीत होतं, वडिलांनाही, सगळ्या वस्तीला. कळपापाशी निजणाऱ्या मेंढक्याला आमच्यात कुणी काही विचारत नाही, त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही... आणि हे आबांनी त्या रविवारीच स्वतःच्या नावावर लावून घेतलं होतं, मी तापात पडलेली असताना. मी का गेले, हे त्यांना तेव्हा ठाऊकही नव्हतं. मी जागेवर नव्हते, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. पंचवीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसत होते आणि ते माझ्या नावचं ओझं घेऊन बसलेत, हे मला कधी दिसलं नव्हतं.

मी उभी राहिले आणि सांगितलं. सगळ्यांसमोर, जरा मोठ्याने, की आबा निजले नव्हते, मेंढरं माझ्यावर सोपवली होती आणि मी ती सोडून गेले होते.

तात्यांनी मायेने माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, तू तवा पाच वर्साची. तुला काय याद असणार?" ते म्हणाले. "त्यो सोता सांगत व्हता."

मी बोलत राहिले, बाईंचं, गोष्टीचं, भुरीचं सगळं सांगत राहिले. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि कुणाला तरी मला पाणी द्यायला सांगितलं. ऊन चढलं होतं. माणसं धोतरं झटकत उठली आणि मला सांभाळून पायऱ्या चढवत जीपकडे घेऊन निघाली.