फवारणी पंपाची मशीनगन

माझ्या वडिलांनी देशाचं एक गुपित मरेपर्यंत राखलं. ते गुपित काय होतं हे देशाच्याही आता लक्षात नसावं, पण नानांनी ते सोडलं नाही.

नाना सैन्यात हवालदार होते, मशीनगनवर. निवृत्त होऊन आष्टीला परतले, मोसंबीची बाग लावली, आणि कुणी विचारलं, "नाना, कुठं व्हते हो ड्युटीला?" की म्हणायचे, "व्हतो एका ठिकाणी." थंडी होती का? "व्हती थोडी." लढाई? "झाली थोडी." संपलं! शत्रूच्या हेराने आष्टीत मुक्काम ठोकला असता, तर तो बिचारा मोसंबी खाऊन परत गेला असता.

याचा खरा त्रास आईला. माझा जन्म झाला तेव्हा नाना असेच 'एका ठिकाणी' होते. त्यांच्या पत्रावर गावाचं नाव नसे, लष्करी टपालाचा नुसता आकडा असे. आईने तो आकडा गावातल्या गुरुजींकडून शाळेच्या नकाशावर शोधून घेतला होता. (गुरुजींनी पुष्कळ शोधला. शेवटी नकाशाच्या पार वरच्या टोकाला बोट टेकवून म्हणाले, "इकडंच कुठंतरी असंल.") तेव्हापासून "सुधाकर झाला तवा तुम्ही कुठं व्हते?" हा प्रश्न आमच्या घरात माझ्याबरोबरच वाढला. माझे केस पिकले, तरी त्याला उत्तर मिळालं नव्हतं.

नाना गेले त्याला आता वर्ष होईल. ही गोष्ट त्याच्या आदल्या हिवाळ्यातली. ते थकत चालले होते. मी जालन्याला एका कॉलेजात ग्रंथपाल. काहीही असलं तरी ते कुठल्यातरी पुस्तकात सापडतं, अशा विश्वासावर मी जगत आलेलो. पण बाप कुठल्याच पुस्तकात नव्हता. त्याला नोंदवून ठेवायचं, तर तो बोलायला हवा होता.

मदतीला आले साळवेकाका. हे नानांचे जिवलग मित्र, तोफखान्यातून निवृत्त झालेले. तोफांनी त्यांचा एक कान नेला होता, पण आवाज तेवढाच वाढवून दिला होता. माजी सैनिकांना बोलतं करून त्यांच्या आठवणी आणि शस्त्रांची माहिती ते मोबाईलवर चित्रित करत आणि इंटरनेटवर टाकत. जिल्हाभरातले म्हातारे जवान त्यांच्यापुढे बोलले होते. राहिले होते फक्त नाना.

"मी न्हाई," नाना म्हणाले.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला न्हाई सांगत तर न्हाई. त्या मोबाईलला तरी सांगा. तो कुणाची बायको न्हाई."

नाना तयार झाले.

अंगणात शहाबादी फरशीवर दोन खुर्च्या मांडल्या. साळवेकाकांना स्वतःही दिसायचं होतं, म्हणून मोबाईल सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मी तो तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवला, चौकटीत दोन्ही खुर्च्या बरोबर घेतल्या, आणि पुन्हा हात लावायचा नाही असं ठरवलं. (यंत्राला कमीत कमी त्रास द्यावा, हे माझं धोरण आहे.)

"जय हिंद मित्रहो!" साळवेकाका एवढ्या जोरात म्हणाले की मोसंबीवरची पाखरं उडाली. "आज आपल्यासंगं हायेत हवालदार साहेब! तर साहेब, पयली पोस्टिंग कुठं?"

"एका ठिकाणी."

"कोणत्या साली?"

"लई साल झाले."

"पोस्टवर किती जण व्हते?"

नानांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. "काहून पायजे?"

"अहो, लोकायला सांगायला!"

"लोकायला सांगायचं नसतंच ते, साळवे. तुम्हाला ट्रेनिंगमधी सांगितलं न्हाई का?"

अशी मुलाखत बराच वेळ चालली. गुपित राखण्याच्या एखाद्या परीक्षेत नानांना पैकीच्या पैकी मिळाले असते आणि साळवेकाका नापास झाले असते. शेवटी काकांनी डाव बदलला. जागा नको तर नको, शस्त्राची माहिती घेऊ! पण शस्त्र आणायचं कुठून? काकांनी ओसरीवर टेकवून ठेवलेल्या फवारणी पंपाची लांब नळी उचलली आणि थेट फरशीवर पालथे झाले.

"तर मित्रहो, मशीनगन अशी धरतात!"

तोफवाल्याने मशीनगन चुकीची धरावी, आणि तीही कॅमेऱ्यासमोर! नानांचा चेहरा बदलला. वय, गुडघे, शुगर, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं ते त्या क्षणी विसरले.

"साळवे, ती मशीनगन हाय, ऊस न्हाई! कोपरं आत घ्या! पाय फाकवा! टाच जमिनीला!"

"अशी?"

"न्हाई हो! सरका, दाखवतो."

आणि माझा ऐंशीच्या घरातला बाप अंगणात पालथा झाला. नळी खांद्याला, गाल नळीला, एक डोळा मिटलेला. नेम आमच्या म्हशीवर. मला कधी माहीत नसलेला एक माणूस त्या फरशीवर पडला होता आणि तो तरणाताठा होता.

"बराबर?" शेजारी पालथ्याच पडलेल्या साळवेकाकांनी कोपरं आत घेऊन विचारलं.

"बिलकुल बराबर."

मग दोघेही तसेच पडून राहिले. बराच वेळ.

"साहेब, उठा आता."

"तुम्ही उठा आधी."

"तुम्ही सिनियर हाव."

"म्हणूनच म्हणून राह्यलो. उठा!"

कुणीच उठेना. साळवेकाकांचा एक गुडघा बदललेला, तो वाकत नव्हता. नानांचे दोन्ही मूळचेच, ते वाकले की सुटत नव्हते. मी धावलो. नानांना काखेत धरून उचलू लागलो. आयुष्यभर मी जडातली जड वस्तू म्हणून शब्दकोशाचे खंड उचललेले. कमरेत 'कट्' असा आवाज झाला आणि मी सावकाश, दोघांच्या मधोमध, उताणा झालो.

आई चहा घेऊन बाहेर आली. एका रांगेत पडलेले तीन पुरुष तिने पाहिले.

"हे काय चाललंय?"

"पोझिशन," नाना म्हणाले.

"आन् सुधाकर काहून उताणा?"

"त्याला येत न्हाई."

आईला वाकून कुणाला उचलता येण्यासारखं नव्हतं. गल्ली ओस होती, बाजाराचा दिवस. तिने शेजारच्या गणेशला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, बाजारात हाय. आलोच." आई खुर्चीत बसली. चहा थंड होऊ नये म्हणून तिने एक कप स्वतःच घेतला. घोट घेतला आणि खाली नानांकडे बघून म्हणाली,

"आता सांगा. आता कुठं पळता?"

साळवेकाका म्हणाले, "सांगा साहेब. खुर्चीत न्हाई आपण, कॅमेऱ्यात दिसून न्हाई राह्यलो."

गाल फरशीला टेकलेल्या अवस्थेत नाना बोलू लागले. कुणाकडे बघायचं नव्हतं म्हणूनही असेल.

"बर्फ व्हता. हवा साफ असली तर हेलिकॉप्टर यायचं, त्यात पत्रं. तुझं पत्र आलं तवा पोरगं बसाया लागलं असंल. लंगरवाल्यानं बिस्किटं कुटून डब्यातल्या दुधात शिरा केला. साऱ्या पोस्टनं खाल्ला."

"कसा झाल्ता?"

"खराब."

"मंग?"

"मंग काय. थंडीनं गनचं तेल गोठायचं. गोळी आत ढकलणारा एक जादा बोल्ट असायचा, तो गरम ठेवाया लागायचा. फडक्यात गुंडाळून झोपायच्या पिशवीत छातीशी घ्यायचो. रोजचंच काम." नाना जरा थांबले. "त्या राती मी त्याला लई येळ थापटलं."

आईने कप मांडीवर टेकवला. मग आई म्हणाली, "पोरगं इकडं रडून रडून निळं पडायचं, आन् तुम्ही तिकडं लोखंडाला थापटून राह्यलते!" पण हे बोलताना तिचा आवाज नेहमीचा नव्हता. जरा वेळाने तिने विचारलं, "आन् ती जागा कोणती?"

नानांनी फरशीवरचा गाल उचलून आईकडे बघितलं. उत्तर येणार हे मला कळलं. जन्मभराच्या प्रश्नाचं उत्तर! नीट ऐकू यावं म्हणून मी कोपरावर उठायला गेलो.

नानांनी त्या ठिकाणाचं नाव घेतलं.

आणि त्याच क्षणी माझ्या कमरेत वीज चमकली. "मेलो गं मायेऽऽ!"

आवाज विरला तेव्हा नाना ओठ मिटून पडले होते.

"काय म्हणले नाना?" मी विचारलं.

"सांगितलं एकदा."

"काका, तुम्ही ऐकलं?"

"तुझ्या बापाकडचा माझा कान तोफेनं नेला, बाबा."

गणेशने येऊन आम्हाला उचललं. नानांच्या हुकमानुसार आधी साळवे, मग नाना, शेवटी मी. त्यानंतर नानांनी पुन्हा ते नाव काढलं नाही. आम्हीही धीर केला नाही. उन्हाळा संपता संपता ते गेले.

चौदावा झाल्यावर मी आईला विचारलं, "तुला तरी ऐकू आल्तं का गं ते नाव?"

"न्हाई. तू बोंबलला न."

मी मान खाली घातली. मग ती म्हणाली, "पण सांगितलं त्यांनी. तोंड हलताना मी बघितलं."

तिला तेवढं पुरलं होतं. मला पुरलं नव्हतं. मी ते चित्रण लावून, कानात इअरफोन घालून, पुन्हा पुन्हा ऐकलं. नावाच्या जागी फक्त मी आहे, खणखणीत.

साळवेकाका घरी येऊन म्हणाले, "वहिनी, टाकू का ते?" मी नको म्हणालो. आई म्हणाली, "टाका. त्यांचा आवाज हाय त्यात."

काकांनी त्याचं पुढचं-मागचं कापलं, आणि ते आता सगळ्यांना दिसतं. चौकटीत एक रिकामी खुर्ची, दुसऱ्या खुर्चीत आई. ती खाली बघत शांतपणे चहा पितेय आणि जमिनीतून बर्फाची, बोल्टची गोष्ट ऐकू येतेय. मध्येच एक जवान जिवाच्या आकांताने आईला हाक मारतो आणि माझी आई पुढचा घोट घेते. काकांच्या एवढ्या चित्रणांत सगळ्यात जास्त पाहिलं गेलेलं हेच. खाली लोकांनी लिहिलंय, 'मुलगा विव्हळतोय आणि ही माउली डगमगत नाही, वीरमातेला प्रणाम!' 'त्या जखमी जवानाला सलाम!' एकाने काळजीने विचारलंय, 'त्याला गोळी कुठं लागली होती?'

साळवेकाकांनी उत्तर दिलंय, 'कमरेत. आता बरा आहे.'

खरं काय ते मी तिथे लिहायला हवं, हे मला कळतं. पण ग्रंथपालाला जन्मात कुणी सलाम केलेला नसतो. म्हणून मी अजून लिहिलेलं नाही.