आर्वोच्या मेलेल्या तारा

आर्वो लेहतोलावर चिडावं म्हटलं, तर तो माणसाला धड चिडूही देत नाही. सतरा वर्षं मी त्याच्या शेजारी उभा राहून गिटार वाजवली आणि एवढ्या काळात आमचं एकही रीतसर भांडण झालं नाही. मी तोंड सोडायचो, तो मान हलवून ‘बरं’ म्हणायचा आणि पुढच्या गुरुवारी येऊन पुन्हा तेच करायचा.

आमचा बँड तिघांचा. मी गिटारवर, मार्लीन ड्रमवर आणि आर्वो बेस गिटारवर. मी घरोघर पत्रं वाटून निवृत्त झालो, मार्लीन अजून शाळेची बस चालवते आणि आर्वोनं त्याच शाळेचा बॉयलर बत्तीस वर्षं सांभाळला. दर गुरुवारी दुपारी चारला माजी सैनिकांच्या लीजन हॉलच्या मागच्या खोलीत जमायचं, सहापर्यंत वाजवायचं आणि मग मार्लीनच्या घरच्या पॅस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंज्या, खायच्या. मी त्यांवर केचप ओततो. आर्वोला ते बघवत नाही, पण तेही तो बोलून दाखवत नाही. गावातली लग्नं, चर्चमधली शुक्रवारची मासळीची जेवणं आणि ऑगस्टमधली जिल्ह्याची जत्रा, एवढाच आमचा पसारा. कुणी आमची तिकिटं काढत नाही, आणि काढावीत असं आम्ही वाजवतही नाही.

आता त्याच्या बेसबद्दल सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. त्याच्या तारा पडद्यांपासून इतक्या उंच, की मधून पेन्सिल आरपार जाईल. एक सूर दाबायचा तर अंगठा आणि बोटं मिळून लिंबू पिळल्यासारखा जोर लावावा लागायचा. घोडीजवळ तारांखाली त्यानं भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा खुपसलेला. सूर उजळ करायचं बटण कायमचं शेवटपर्यंत बंद. आणि तारा! वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या, काचेसारख्या गुळगुळीत, त्याची थोरली मुलगी जन्मली त्या वर्षी चढवलेल्या. मुलगी आता तिशी ओलांडून दोन लेकरांची आई झाली आहे. तारा त्याच. काळ्या पडलेल्या, घामानं, धुळीनं आणि देव जाणे कशाकशानं माखलेल्या. वाजवलं की झंकार म्हणून नाही, नुसतं ‘धप’. भरलेलं पोतं जमिनीवर टाकावं तसं.

मी दर महिन्याला तारा बदलतो. गिटारवाल्याला नवी तार म्हणजे धुतलेला शर्ट. त्यामुळे आर्वोचा तो प्रकार माझ्या डोक्यात जायचा. वरच्या पडद्यांवर गेला की सूर किंचित उतरायचा आणि माझा कान तिथंच अडकायचा. पण तारांवरून मी कधी सरळ बोललो नाही. आडून आडून टोमणे मारले. “आर्वो, तारांना पेन्शन लागू झाली असेल की रे,” असं म्हटलं, तो हसायचा. त्याला ती गंमत वाटायची. मी गंमत करत नव्हतो.

मार्चमध्ये त्याचा गुडघा बदलला. डॉक्टरांनी सहा आठवडे घरी बसायला सांगितलं. बेस हॉलच्या कपाटात पडून होता. आणि एका गुरुवारी, दोघांनीच वाजवून कंटाळलेलो असताना, मला कल्पना सुचली. मार्लीनला म्हटलं, तो परत येईपर्यंत बेस नव्यासारखा करून ठेवू. शेजारच्या गावात वाद्यं दुरुस्त करणारा आहे, त्याच्याकडे टाकू. मार्लीननं एकदा विचारलं, “त्याला चालेल ना?” मी म्हटलं, न चालायला काय झालं, बिचाऱ्याची बोटं सुटतील. आणि हे मी मनापासून म्हणत होतो, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे झालं त्यात माझी अक्कल कमी पडली असेल, नियत नाही. निदान तेव्हा तरी मला तसंच वाटत होतं.

दुरुस्तीवाल्यानं काम चोख केलं. मानेतली सळई आवळून मान सरळ केली, घोडी खाली आणली, पडदे घासले, खुंट्यांना तेल दिलं, स्पंज काढून फेकला आणि नव्या कोऱ्या, खरखरीत, चकचकीत तारा चढवल्या. जुन्या तारांचं काय केलं म्हणून विचारलं, तर म्हणाला कचऱ्यात टाकल्या, त्या काय ठेवायच्या? मीही म्हटलं, काय ठेवायच्या.

आर्वो काठी टेकत आला. आम्ही दोघं हसू दाबून उभे. त्यानं बेसची पेटी उघडली आणि वाकून तारांवरून बोट फिरवलं.

“जुन्या तारा कुठंयत?” त्यानं विचारलं.

“गेल्या कचऱ्यात,” मी म्हटलं. “सुटलास बाबा एकदाचा.”

त्यानं मान हलवली. छान केलंय म्हणाला, आभार मानले, मार्लीनला मिठीसुद्धा मारली. मग खुर्चीवर बसून एक सूर वाजवला. खण्ण. स्वयंपाकघरात ताट पडल्यासारखा. त्यानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. दुपारभर त्यानं चूक अशी एकही केली नाही, पण प्रत्येक गाण्यात तो अर्ध्या पावलानं मागे होता. स्वतःचाच आवाज ऐकून दचकत होता.

पुढचे तीन महिने मी जे पाहिलं ते बघवत नव्हतं. आर्वोनं त्या तारा मारायचा चंग बांधला. बेकनची चरबी चोळली. न्याहारी झाली की हात न धुता तासभर वाजवत बसायचा, असं त्याची बायको हेल्मी फोनवर रडकुंडीला येऊन सांगायची. सोफ्याला वास मारायला लागला होता. एकाऐवजी दोन स्पंज लावून झाले. मग त्याच जातीच्या सपाट तारा मागवून चढवल्या, पण त्याही नव्याच. त्या नुसत्याच निर्जीव वाटायच्या, मेलेल्या वाटायच्या नाहीत. यात फरक असतो हे मला तेव्हा कळलं. तारांची उंची पुन्हा वाढवली, पुन्हा उतरवली. इंटरनेटवर बेसवाल्यांचा एक अड्डा आहे, तिथं त्यानं आपलं गाऱ्हाणं मांडलं. दोनशे उत्तरं आली आणि दोनशे लोक आपापसातच भांडले. त्यात कुणीतरी दहा वर्षांपूर्वीचं आर्वोचंच एक वाक्य उकरून त्याच्या तोंडावर मारलं. ‘आवाज तारेत नसतो, बोटांत असतो,’ असं त्यानं एका नवशिक्याला ऐटीत ऐकवलं होतं. ते त्याला फार लागलं. मला दाखवून म्हणाला, “बघ, मीच लिहिलंय.”

मी हात टेकले. एक दिवस चिडून म्हणालो, अरे बाबा, मला शिव्या दे, काठी घाल डोक्यात, पण हे थांबव. तो म्हणाला, “शिव्या कशाला, तू चांगल्यासाठीच केलंस.” मग त्यानं सांगितलं, की जत्रेपर्यंत तो वाजवेल, शब्द दिलाय म्हणून. जत्रेनंतर बंद.

मी रात्रभर तळमळलो असं खोटं सांगणार नाही, पण माझं जेवणातलं लक्ष उडालं. आर्वो गेला म्हणजे बँड गेला. दुसरा बेसवाला आमच्या गावात मिळत नाही, आणि मिळाला तरी मला तो नको होता. दुरुस्तीवाल्याला दोनदा फोन केला, कचरा कधी उचलतात म्हणून. तो हसला. कचरा एप्रिलमध्येच गेला होता.

जत्रेत आमची वेळ तीनची. त्याआधी दोन वाजता तळ्यापलीकडचा एक बँड होता. आम्ही मंडपाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. मार्लीन लिंबू सरबत आणायला गेलेली. आर्वो काठीवर हनुवटी टेकून गुरांच्या गोठ्याकडे बघत होता. माझं लक्ष मंचाकडे नव्हतंच, पण पहिल्याच गाण्यात मला काहीतरी झालं. खालून, जमिनीतून आल्यासारखा एक आवाज. जाड, गोल, मऊ. ड्रमचा ठोका पडला की त्याला पोटाशी धरणारा. पाय आपोआप हलायला लागला. बेस वाजवत होती कोरीन ब्यूडॉइन. चाळिशीची बाई, हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ हटवायची जिल्ह्याची गाडी चालवते. हात इतका मोकळा, की बघत राहावं.

मी कोपरानं आर्वोला ढोसलं. “ऐक,” म्हटलं. “याला म्हणतात बेस.”

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

“त्या माझ्या तारा आहेत,” तो म्हणाला.

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. गाणी संपेपर्यंत तो तसाच बसून होता, खाली जमिनीकडे बघत. मग उठून काठी टेकत मंचामागे गेला. मी मागोमाग. कोरीन बेस पुसायला फडकं शोधत होती. आर्वोनं तिला विचारलं, तारा कुठून आणल्यास? ती लाजली. म्हणाली, सांगायला लाज वाटते, पण एप्रिलमध्ये दुरुस्तीवाल्याच्या कचऱ्याच्या डब्यात गुंडाळून टाकलेल्या दिसल्या. कितीतरी वर्षं असा आवाज शोधत होते. ज्या कुणी फेकल्या त्या येड्याचे मनातल्या मनात रोज आभार मानते.

तो येडा तिच्यासमोरच उभा होता.

“माझ्या होत्या त्या,” आर्वो म्हणाला. “मी नव्हत्या फेकल्या.”

कोरीनचा चेहरा उतरला. लगेच खुंटीला हात घालून म्हणाली, आत्ता काढून देते, तुमच्या आहेत, घेऊन जा. आर्वोनं वाकून बघितलं. जाड तारेची पट्टी खुंटीपाशी उसवायला लागली होती. त्यानं तिचा हात धरला.

“राहू दे. आता वळवल्या तर तुटतील,” तो म्हणाला. “तू माझ्यापेक्षा बरी वाजवतेस. फक्त ते फडकं ठेवून दे. तारा पुसायच्या नाहीत.”

तीन वाजता आम्ही वाजवलं. आर्वो एका मात्रेनंही चुकला नाही. चकचकीत खणखणाट, स्वच्छ, सुरात, अगदी वरच्या पडद्यांपर्यंत. सतरा वर्षं मला जसा हवा होता तस्सा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला संताप येत होता, पण कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

सामान माझ्या गाडीत भरताना मी त्याला अडवलंच. म्हटलं, आर्वो, तू मला एकदाही बोलला नाहीस, आज तरी बोल. तारा मी घालवल्या.

तो गाडीला टेकून उभा राहिला. गुडघा दुखत असावा.

“तारांचं काय घेऊन बसलास, ड्वेन,” तो म्हणाला. “तारा तीस वर्षांच्या, एक दिवस तुटल्याच असत्या. पेटी उघडली ना त्या दिवशी, तेव्हा मला कळलं की तुला माझं वाजवणं बिघडलेलं वाटत होतं. सतरा वर्षं. मला वाटायचं, तुला आवडतंय.”

मी म्हणणार होतो, आवडत होतं. पण तोंडातून निघेना, कारण दोनच तासांपूर्वी बाकावर मी त्याला काय ऐकवलं होतं ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. तोच आवाज. तिनं वाजवला तेव्हा मला ऐकू आला.

“आज आवडला,” मी म्हटलं. “खरंच सांगतो.”

“माहितेय,” तो म्हणाला. “मी बघत होतो. तुझा पाय हलत होता.”

मग त्यानं खांद्यावरचा बेस काढला आणि माझ्या गाडीत, माझ्या गिटारशेजारी नीट आडवा ठेवला. वरून पट्टा दुमडून ठेवला. मी म्हटलं, अरे, हा तुझ्या गाडीत जायचाय.

“तुझ्याकडेच राहू दे,” आर्वो म्हणाला. “तुला हवा तसा झालाय आता.”

हेल्मी पलीकडे गाडी चालू करून थांबली होती. तो काठी टेकत तिकडे गेला, आणि मी माझ्या गाडीचं मागचं दार लावलं.