मे महिन्यात ताठ राहिलेली मेणबत्ती

पिंपातल्या तुपावर मी पाना आपटला तर ठण्ण असा आवाज आला. वनस्पती तुपाचा असा आवाज येत नाही. त्यात बोट दाबलं की बोट आत गेलं पाहिजे. इथे पान्याचा ओरखडासुद्धा उठला नाही.

"मॅडम, हे काय आहे?" भंडारी साहेबांनी विचारलं. ते आमचे प्लांट मॅनेजर.

"सोयाबीनचं तेल, सर."

"हे तेल?"

"काल दुपारपर्यंत होतं."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरजवळच्या एमआयडीसीत तेलापासून वनस्पती तूप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी लॅब केमिस्ट होते. काम समजायला अवघड नाही. पातळ तेल मोठ्या बंद भांड्यात तापवायचं, त्यात निकेलची बारीक पूड टाकायची आणि खालून हायड्रोजन सोडायचा. गॅस तेलात शिरत जातो तसं तेल घट्ट होत जातं. सगळी कला वेळेवर थांबण्यात. लाडवाच्या पाकासारखंच आहे. एकतारी झाला की उतरवायचा. विसरलात तर गोळीबंद होतो आणि लाडू फोडायला बत्ता लागतो.

आमचा पाक गोळीबंद झाला होता. लॅबमध्ये आल्यावर मी त्याचा मेल्टिंग पॉइंट काढला. काचेच्या बारीक नळीत तुपाचा कण भरायचा, नळी थर्मामीटरला बांधायची, पाण्यात धरून पाणी हळूहळू तापवायचं आणि कण कधी वितळून वर सरकतो ते बघायचं. आमचं नेहमीचं तूप चाळिशीच्या आत वितळायचं. हा कण साठ ओलांडून गेला तरी ढिम्म. सत्तरीला टेकताना एकदाचा हलला.

"खाण्यात चालेल?" साहेब.

"नाही सर. माणसाचं पोट सदतीस डिग्रीचं असतं. हे आत जाऊनही वितळणार नाही."

साहेबांचा पहिला राग ऑपरेटर गोरख पवारवर निघाला. झोपला असणार, गॅस चालू ठेवला असणार, घरी बसवा त्याला. गोरख म्हणत होता, मी व्हॉल्व्ह बंद केला होता. मी म्हटलं, सर, आधी व्हॉल्व्ह खोलून बघू. फिटरने तो खोलला. झडप टेकते ती आतली बैठक झिजून खड्डा पडला होता. चाक पूर्ण फिरवूनसुद्धा गॅस आत जातच होता. कारखान्यात अशा व्हॉल्व्हला 'पास होतोय' म्हणतात. गोरख सुटला. माल मात्र शेडमध्ये तसाच पडून राहिला आणि त्याचं काय करायचं हे माझ्या गळ्यात पडलं.

मी आधी साबणवाल्याला बोलावलं. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून घोटलं की साबण होतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण प्रत्येक तेलाचा साबण वेगळा होतो. खोबरेल तेलाचा साबण भसाभस फेस देतो. आमच्या तुपाच्या या दगडाचा साबण साबणवाल्याने करून आणला तो सुंदर पांढरा आणि टणक होता. आम्ही दोघांनी बेसिनवर हात धुतले. घासघास घासले. फेस म्हणून आला नाही.

"बाई, याची फरशी बसवता येईल," तो म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

त्या रविवारी मी कोल्हारला आत्याकडे गेले. सुभद्राआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या घरात मी पहिली एम.एस्सी. झाले, ती हिच्या हट्टामुळे. आत्या आणि वस्तीतल्या बायकांनी मिळून महिला मंडळ काढलं होतं आणि त्या मेणबत्त्या करायच्या. लोडशेडिंगमुळे खप चांगला होता. मी अंगणात शिरले तर ओल्या गोणपाटाखाली मेणबत्त्या झाकून ठेवलेल्या आणि आत्या डोक्याला हात लावून बसलेली.

"काय झालं गं?"

तिने गोणपाट उचललं. एकूण एक मेणबत्ती केळ्यासारखी वाकलेली.

"गेल्या वर्सी बुद्धपौर्णिमेला हेच झालं," आत्या म्हणाली. "तसबिरींम्होरं लावल्या आन समद्या माना टाकून बसल्या. लोकं हसली. म्हनली, बायांच्या मेनबत्त्या बी पाया पडत्यात. आता या साली गुरुजी म्हनत्यात, नाशिकवरनं मागवतो."

भालेराव गुरुजी निवृत्त शिक्षक आणि कार्यक्रमाच्या समितीचे प्रमुख. आसपासच्या गावांची मिळून नदीकाठच्या मैदानात संध्याकाळी वंदना व्हायची. बुद्धपौर्णिमा येते वैशाखात. त्या दिवसांत आमच्याकडे दिवस मावळला तरी दगड तापलेले असतात. बाजारातलं स्वस्त मेण पन्नाशीला वितळतं, पण त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडून वाकतं. त्या उन्हात त्याचं दुसरं काही होणारच नव्हतं.

मी वाकलेली मेणबत्ती हातात धरून उभी होते. इकडे चाळिशीत मान टाकणारं मेण. तिकडे सत्तरीपर्यंत न हलणारा दगड. मला एकदम हसू आलं.

"हसतीस काय?" आत्या चिडली.

"आत्या, माझ्याकडे असं काहीतरी आहे की ज्याचं आमच्या साहेबांना तोंड बघवत नाही."

सोमवारी मी भंडारी साहेबांकडे एक पिंप मागितलं.

"मेणबत्त्या? सोयाबीनच्या?" त्यांनी चष्मा काढला. "कुणी ऐकलंय का असं?"

"मीही नाही ऐकलेलं, सर. पण प्राण्यांच्या चरबीच्या मेणबत्त्या पूर्वी लोक जाळायचेच. हीसुद्धा चरबीच, फक्त झाडाची."

"उद्या कुणी हे तुपात मिसळून विकलं तर?"

शंका रास्त होती. मी पिंपावर चारी बाजूंनी लाल रंगाने 'खाण्यासाठी नाही' लिहून घेतलं, मग गेटपास मिळाला. टेम्पोत पिंपाशेजारी मीच बसले.

पहिली खेप आम्ही नुसत्या दगडाची केली. चुलीवर वितळवला, साच्यात वात ताणून बसवली आणि ओतला. अॅल्युमिनियमचा साचा उघडला तर मेणबत्ती ताठ, पांढरीशुभ्र. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात टक्क आवाज झाला आणि ती मधोमध तडकली. मग दुसरी. मग तिसरी. नुसती घट्ट चरबी थंड होताना आकसते आणि ठिसूळ होते. मेण वाकतं पण तडकत नाही, चरबी तडकते पण वाकत नाही. म्हणजे दोघांचा संसार लावून देणं भाग होतं.

दुसऱ्या खेपेला निम्मं-निम्मं घेतलं. तडे कमी झाले, गेले नाहीत. तिसऱ्या खेपेला तीन भाग मेण आणि एक भाग दगड. मोठा तडा नाही! पण पेटवली तर ज्योत इवलीशी, आणि थोड्या वेळात आपल्याच तळ्यात बुडून विझली.

"वातच दम धरेना," शेजारची मंदाबाई म्हणाली.

खरं होतं. वितळलेली चरबी मेणापेक्षा दाटसर असते. बारीक वातीतून ती पटापट वर चढत नाही आणि ज्योत उपाशी राहते. मी नगरहून जाड, विणलेली सुती वात आणली. सोनार वापरतात तो टाकणखार पाण्यात विरघळवून वाती त्यात भिजवल्या आणि वाळवल्या. त्यामुळे वात जळताना काजळी धरत नाही, टोकाला वाकून स्वतःची राख झटकते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. करून पाहण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती.

आत्यालाही एक गोष्ट सुचली. साचे थंड करायला बायका ते विहिरीच्या पाण्यात बुडवायच्या. "गार पान्यात घातलं की अंग आखडतं," ती म्हणाली. तिने साचे आधी कोमट पाण्यात ठेवले, मग सावलीत. राहिलेले दोन-चार बारीक तडेही गेले.

आता गुरुजी. आत्या त्यांच्या ओट्यावर जाऊन म्हणाली, "गुरुजी, जयभीम. ऑर्डर नाशिकला देन्याआधी आमची बघा."

"सुभद्राबाई, दरवर्षी बघतोच आहे."

"तसं न्हाई. तुमच्या पत्र्याखाली ठेवा. दुपारभर. तुमी म्हनाल तशी."

गुरुजींच्या ओट्यावर काळा पत्रा होता. दुपारी त्याखाली कुत्रंसुद्धा बसत नसे. गुरुजींनी नाशिकचा नमुना मागवलेलाच होता. एका फळीवर तो उभा केला, शेजारी आमची. बघायला वस्ती जमली. गुरुजी आतल्या दारात खुर्ची टाकून बसले. माझ्या भरवशावर या बायकांनी होतं नव्हतं ते मेण आमच्या पिंपातल्या दगडात मिसळून टाकलं होतं. आता चुकलं तर आत्याला कोल्हारात मान वर करता आली नसती.

नाशिकची मेणबत्ती आधी चकाकली. मग तिचं टोक जरासं कललं. मग ती निवांतपणे वाकत गेली आणि फळीला टेकली. आमची उभीच.

गुरुजी उठले. अंगठ्याने आमची दाबून पाहिली. फिरवून पाहिली. मग नाशिकची उचलायला गेले तर ती बोटांना चिकटली.

"उभी राहिली हे खरं," ते म्हणाले. "आता याच उन्हात पेटवून दाखवा."

हे मात्र ठरलेलं नव्हतं. मेणबत्ती पेटवली की अंगभर गरम होते, वाकायची तेव्हाच वाकते. मी आत्याकडे पाहिलं. तिने पदर खोचला आणि काडी ओढली. ज्योत उठली, उंच आणि स्थिर. मेणबत्ती अर्धी झाली. पाव उरली. शेवटी फळीवर एक पांढरा थेंब उरला आणि तोही गोल होता.

गुरुजींनी हात जोडले. "सुभद्राबाई, नाशिकला निरोप धाडतो. नको म्हणून."

"धाडा. आन त्यांना सांगा, लागल्या तर आमच्याकडनं न्या."

सगळा ओटा हसला. मंदाबाईने मला मिठी मारली, तिच्या हातांना मेण तसंच होतं. माझ्या पांढऱ्या ओढणीवरचा तो डाग पुढे कधी निघाला नाही आणि मी काढायचा प्रयत्नही केला नाही.

बुद्धपौर्णिमेला नदीकाठच्या मैदानात वंदना झाली. हवा भाजून काढत होती. माणसांच्या रांगा लागल्या होत्या, प्रत्येकाच्या हातात आमची मेणबत्ती. 'बुद्धं सरणं गच्छामि' असं त्रिशरण सुरू झालं आणि मी मात्र डोळे उघडे ठेवून ज्योती मोजत बसले. एकही मान खाली गेली नाही. आत्या पहिल्या रांगेत होती. तिची पाठ मी इतकी ताठ कधी पाहिली नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगते. आजूबाजूच्या गावांतून मंडळाकडे मागणी आली. शेडमधली पिंपं एकेक करून कोल्हारला गेली. ती संपल्यावर भंडारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, तो खराब माल पुन्हा करता येईल का?"

"नाही सर. व्हॉल्व्ह दुरुस्त केलाय."

साहेबांनी खिडकीतून रिकाम्या शेडकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग आता मुद्दाम करा."

जे बिघाडाने एका रात्रीत झालं होतं ते मुद्दाम करायला मला आणि गोरखला पाऊस संपेपर्यंत वेळ लागला. कधी पिवळं यायचं, कधी मऊ. पण जमलं, आणि कारखान्याच्या यादीत 'हार्ड फॅट' नावाचा नवा माल आला.

आता शहरांत काचेच्या पेल्यातल्या सुगंधी सोया मेणबत्त्या मिळतात. भाची मला एक भेट देऊन म्हणाली, मावशी, हे एकदम नवीन आहे. मी वास घेतला आणि छान आहे म्हटलं.

निवृत्त होईपर्यंत लॅबमध्ये माझा एक नियम होता. मालावर नुसता 'रिजेक्ट' असा शिक्का मारायचा नाही. कोणत्या वापरासाठी रिजेक्ट, तेही लिहायचं. नवीन केमिस्ट कुरकुर करायचे की शाई वाया जाते. जाऊ दे. शाई स्वस्त असते.