काट्यानं आलेली गाठ

माथेरानच्या घाटात मी वाघाच्या मिशा उपटल्या आणि त्यांचा कुंचला करून घराला चुना दिला, हे पोशीरच्या पारावर मी दरसाल सांगतो आणि लोक माना डोलावतात. जीव तोडून खरं मात्र एकदाच सांगितलं. ते कुणी ऐकलं नाही.

गाठीच्या तापाचं ते वर्ष. माणसं इतकी मरत होती की कावळेसुद्धा पिंडाला कंटाळले. त्यातच खळ्यावर भात झोडताना माझ्या थोरल्या भावाच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय पिकला, ताप भरला, जांघेत अवधाण आलं. पायाची जखम चिघळली की जांघेत गाठ येते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण त्या वर्षी जांघेतली गाठ म्हणजे मरीच. शिपायांनी त्याला झोळीत घालून मरीच्या रोग्यांसाठी कर्जतला घातलेल्या सरकारी मांडवांकडे नेलं.

झोळीतून दादा म्हणाला, "तिथं तू बोलू नको रं. तुझ्या तोंडून खरं पण खोटं वाटतंय."

दाक्तरांनी मात्र पाय नीट पाहिला. "काटा दिसतोय खरा," ते कंपाउंडरला म्हणाले. "संशयितांच्या मांडवात ठेव. उद्या पाय चिरून बघू."

संध्याकाळी दाक्तरांना खालापूरहून बोलावणं आलं. कंपाउंडर स्वतःच तापानं आडवा झाला. संशयितांच्या मांडवात जागा उरली नाही, म्हणून हमालांनी दादाला शेजारच्या, गाठवाल्यांच्या मांडवात सरकवलं.

सकाळी नवे दाक्तर आले. मी कुंपणाबाहेरून म्हणालो, "सायेब, त्याला काटा लागलाय. कालच्या सायबांनी पाय बघितलाय."

"बाबा, इथं सगळ्यांनाच काटा लागलेला असतो. आणि कालचं मला कुणी काही सांगितलेलं नाही. या मांडवात आहे ना तो? मग गाठीचाच."

त्यांना दोष तरी किती द्यावा? आपलं माणूस मांडवात जाऊ नये म्हणून लोक मरीच्या रोग्याच्या तळव्यात मुद्दाम काटा टोचून आणत.

दादाचा पाय आपोआप फुटला, पू गेला, गाठ बसली. घोंगडीवर उठून बसत त्यानं मला हाक मारली, "अवधाण गेलं रं. चल, आता घरी ने."

सोडायचा हुकूम कुणी देईना. मग एके दिवशी त्याच्या काखेत गाठ आली. काखेत काही काटा मोडत नाही. नव्या दाक्तरांचं म्हणणं शेवटी खरं ठरलं.

ही गोष्ट मी पारावर सांगत नाही. लोक माना डोलावतील.