पाहणीच्या तासाची झाडं

सुमंगलाबाई बोरीच्या एका खाजगी माध्यमिक शाळेत पर्यवेक्षिका. रोज परभणीहून एसटीनं यायच्या. निघताना देवापुढं दिवा लावायचा आणि 'आज माझ्या हातून कुणाचं वाईट होऊ देऊ नको' एवढंच मागायचं. तास पाहायचा असला की त्या आदल्या दिवशीच सांगून ठेवत, "भुजंग सर, उद्या तिसऱ्या तासाला बसते हं मी." अचानक जाऊन कुणाची फजिती करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यात भुजंग सर सहा वर्षं अर्ध्या पगारावर गणित शिकवत होते. वाईट शेरा गेला असता तर संस्थेनं त्यांना घरीच बसवलं असतं.

यंदा दहावीची अडतीसपैकी नऊ मुलं गणितात नापास झाली. गुणपत्रिका न्यायला सगळ्यांत शेवटी पंकजा आली, ऊसतोडीला जाणाऱ्या कडूबाईची लेक. कागदाची बारीक घडी घालत तिनं आवारातल्या लिंबाकडं बोट केलं.

"बाई, हे झाड माझं हाय बरं का."

"तू लावलंस?"

"लावलं न्हाई, जगवलं. तुमी तासाला बसायच्या ना, तवा सर आमा कच्च्यांना बादल्या द्यायचे. म्हनायचे, बाई यायल्यात, चला झाडाला पानी घाला." ती हसली. "लय पानी पेलं यानं. तुमी आनखी चार तास बसल्या असत्या तर लिंबाला आंबे लागले असते."

बाईंना हसू आलं नाही. "पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरलास का?"

"न्हाई. मला येतच न्हाई गणित. दसरा झाला की आयसंगं उसाला जाते."

"जाऊ नकोस. बस इथंच," असं म्हणून बाई ऑफिसात गेल्या. पाहणीची वही उघडली. 'अध्यापन प्रभावी. सर्व विद्यार्थ्यांचा उत्तम सहभाग.' पाच वेळा, त्यांच्याच अक्षरात. रिकामी बाकं त्यांना दिसली होती. एकदा तर खिडकीतून बादल्याही दिसल्या होत्या. पण विचारलं असतं तर शेरा बदलावा लागला असता. म्हणून विचारलं नाही.

सरांना बोलावलं. सर मान खाली घालून म्हणाले, "बाई, कच्ची पोरं वर्गात असती तर तुमी तरी चांगला शेरा लिहिला असता का?"

"सोमवारपासून या नऊ जणांना पुन्हा शिकवा," एवढंच म्हणून बाईंनी वही मिटली.

त्या बाहेर आल्या, पंकजाजवळ पायरीवर बसल्या. "तुला गणित येत नाही असं नाही गं. तुला ते कुणी नीट शिकवलंच नाही. मी वर्ग पाहायला यायचे, आणि तुलाच पाहिलं नाही. चूक माझी आहे."

"असं काय म्हनायल्या, बाई!" पोरगी कावरीबावरी झाली.

"फॉर्म भर. सोमवारपासून सर शिकवतील."

पंकजानं झाडाकडं पाहिलं. "मग ह्याला पानी?"

"मी घालीन."

निरोप बाकीच्या आठांनाही धाडले. दोघींची लग्नं ठरली होती, बाकीच्यांचे फोन लागले नाहीत. सोमवारी पंकजा एकटीच आली. वर्गातून सरांचा आवाज येत होता, मध्येच तिचा, "सर, परत सांगा." बाईंनी पदर खोचला, बादली भरली आणि लिंबाच्या बुडाशी ओतली. नळापाशी बाकीच्या आठ बादल्या पालथ्या पडलेल्या होत्या. तिकडं त्यांना बघवलं नाही.